अक्काताईची चिकोडीची वाट

अक्काताईला खोकला लागला तो पंधरा वर्षं वखारीत तंबाखू चाळून. तोंडाला पदर गुंडाळून सकाळी चाळणीवर बसायची आणि दिवेलागणीला पिवळीधमक होऊन घरी यायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आक्के, तुला हळदीचा खर्च न्हाय बग!" ती हसायची, हसता हसता खोकायची, आणि भिंत धरून खाली बसायची. मग चेष्टा करणारीच तांब्या घेऊन धावायची. निपाणीच्या डॉक्टरनं तर तोंडावरच सांगितलं होतं, की बाई, ह्या धुळीत आणखी एक सुगी काढलीस तर पुढची बघायला राहणार नाहीस. पण वखार सोडून खायचं काय, हे काही त्यानं लिहून दिलं नाही.

खायची सोय खरं तर कागदावर झालेली होती. तिचा नवरा मष्णू तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च बांधलेले गठ्ठे, बैलगाडीनं कोल्हापूरला ओढायचा. त्यानं बाळाबाई नावाची दुसरी बायको केली आणि तिला घेऊन सदलग्याला बिऱ्हाड थाटलं. चिकोडीच्या मॅजिस्ट्रेटनं अक्काताईला महिना पाच रुपये पोटगी बांधून दिली. नव्या नवरीचं लुगडं नवं होतं तोवर, म्हणजे दोन महिने, मष्णूनं पैसे धाडले. पुढं चौदा महिने दमडी नाही.

मग बाई कोर्टात का जाईना? इथंच तर गंमत आहे, आणि त्या गमतीला आमची अख्खी गल्ली जबाबदार.

शेजारच्या मालुबाईच्या दादल्याला मागं एका सावकारानं बुडीत कर्जापायी तुरुंगात घातलं होतं. घातलं खरं, पण कैद्याच्या जेवणाचा भत्ता सावकारालाच दरमहा भरावा लागला. तीन महिन्यांत सावकार कंटाळला आणि दादला सुटून आला. जाताना काटकुळा होता, येताना पोट सुटलेलं. तेव्हापासून गल्लीत कायदा पक्का झाला, जो आत घालतो त्यानं खाऊ घालायचं. निपाणीत अशी उदाहरणं रग्गड, त्यामुळं शंका कुणालाच आली नाही.

मष्णूलाही हा कायदा पाठ होता. बाजारात गाठ पडली की चारचौघांत ओरडायचा, "घाल की मला आत! येळच्या येळी भाकरी तरी मिळंल. आमटीत मीठ तेवढं बेतानं टाकाय सांग!"

बाजार खदखदायचा. अक्काताई खाली मान घालून मिरच्या निवडायची. पाच रुपये मिळवायला सहा रुपयांचं जेवण कोण घालणार? आणि भांडायला तरी दम कुठं होता? संध्याकाळी चूल पेटवायची म्हटली तरी ती आधी घटकाभर पाय पसरून बसायची.

चौतीस सालच्या माघात ती चाळणीवरच आडवी झाली. मुकादमानं तोंडावर पाणी मारलं आणि आठ दिवस घरी पाठवलं, बिनपगारी. तिसऱ्या दिवशी पीठ संपलं. चौथ्या दिवशी ती एका ओळखीच्या गाडीच्या मागं बसून चिकोडीला गेली.

कचेरीसमोर चिंचेखाली अर्ज लिहून देणारे मारुतीराव बसत. तिनं पहिला प्रश्न केला तो असा, "आण्णा, नवऱ्याला आत घातला तर भत्ता किती भराय लागंल?"

"कसला भत्ता?"

"त्याच्या जेवणाचा. मला दोन रुपयापरमानं झेपंल. एकच येळ जेवाय घातलं तर न्हाय का चालणार?"

मारुतीराव इतके हसले की दौत कलंडली. हसू आवरल्यावर त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं बाई, ते दिवाणीत, सावकाराच्या कर्जाला. ही फौजदारी हाय. ऐपत असून पोटगी बुडवली की आधी जप्ती. जप्तीत भागलं न्हाय तर एका महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद, आणि जेवण सरकारचं! पैसे भरले की लगेच सुटका. कितीचं थकलंय?"

"चौदा म्हैन्यांचं."

"मग बाराचं मिळंल. वर्षाच्या आत अर्ज कराय लागतो. दोन म्हैने गेले."

अक्काताईनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "दोन म्हैने म्हंजे धा रुपये. गल्लीनं खाल्ले व्हय माजे?"

शिपाई सदलग्याला जप्तीला गेले तेव्हा मष्णू ओट्यावर विडी ओढत बसला होता. गाडी? भावाची. बैल? भाऊ ज्योतिबाचे, हा बघा कागद. शिपायांना मिळालं ते एक फुटकं घंगाळ. मॅजिस्ट्रेटपुढंही गडी ताठ. "सायेब, न्हाय माज्याकडं. बसतो आत." भत्ता भरायचा म्हटल्यावर अक्काताई आठवड्यात नाक घासत येईल, असा त्याचा हिशेब. जेवण कुणाचं, हे त्याला कळलं हिंडलग्याच्या तुरुंगात.

इकडं सुगी ऐन भरात. ज्योतिबानं बैल जुंपले, बोद वाहिले आणि भाडं कनवटीला लावलं. बाळाबाई मागायला गेली तर म्हणाला, "वहिनी, कागद वाचा की. बैल माजंच हाईत!" सारं सदलगं पोट धरून हसलं. कागद मष्णूनंच जप्ती चुकवायला हौसेनं करून दिलेला.

पंचविसाव्या दिवशी बाळाबाई निपाणीत अक्काताईच्या दारात उभी राहिली. "आक्का, बोरमाळ मोडलीया. तीस रुपयावर मिटवा, आन् त्यांस्नी सोडवा."

अक्काताईला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. घे बाई, तीस तर तीस, आणि जा, असंच ती म्हणणार होती. तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती खाली बसली, अंग पिळवटलं, डोळ्यांतून पाणी आलं. बाळाबाईनं आत जाऊन तांब्या शोधला, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. उबळ थांबली तशी बाळाबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. साठ भरते."

"बोरमाळ तुजी गेली, बाई. त्याचं काय गेलं?" अक्काताई म्हणाली.

"तुमचं डोरलं बी त्येनंच मोडलं म्हनं."

"व्हय."

बाळाबाईनं पदराची गाठ सोडली आणि साठ रुपये मोजले.

मष्णू सुटला, भावाशी मारामारी करून एक बैल परत मिळवला. अक्काताईनं वखार सोडली. पहिले काही दिवस सकाळी तिचे पाय आपोआप वखारीच्या बोळाकडं वळायचे. मग ओट्यावर बसून जाणाऱ्या बायकांना बघायची सवय झाली. खोकला कमी झाला, गेला नाही. तीन महिने पाच-पाच रुपये आले. चौथ्या महिन्याची पंधरा तारीख उलटली तरी काही आलं नाही.

मालुबाई खिडकीतून म्हणाली, "आता गं? ह्या खेपंला तरी शिव्या घाल की त्याला!"

"शिव्या कशाला? दम लागतो." अक्काताईनं दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, कोपऱ्यात कांदा खोचला. "म्हैन्याला एक खेप चिकोडीची. चाळणीपरीस बरी."

गाडी मिळाली नाही. ती चालतच निघाली, दर मैलाच्या दगडावर बसत.