वीतभर सरकलेली खुर्ची

अश्विनीने आपली खुर्ची वीतभर बाजूला सरकवली, ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

आमच्या गावात लोकांच्या संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर हौसेने बसवून देणारे आणि त्यात स्वतःचा कोडही लिहिणारे दोन गट आहेत. प्रत्येकाला आपलीच प्रणाली खरी वाटते, म्हणून वर्षभर अबोला. वाचनालयातल्या मेळाव्यात शांतता राखायला मला मध्ये बसवलं, कारण मला दोन्हींतलं काही कळत नाही. घरी आई आणि बायकोच्या मध्येही मी याच पात्रतेवर बसतो.

दृष्टी गेलेले माने सर लॅपटॉप घेऊन आले. तो त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचा; अपडेटनंतर मुका झाला होता. त्यावरची प्रणाली अश्विनीच्या गटाची. तासभर खटपट करूनही जमेना. सर मांडीवर हात ठेवून बसून होते. शेवटी पलीकडच्या टेबलावरच्या दुसऱ्या गटाकडे न बघताच अश्विनी म्हणाली, "नितीन, बघतोस जरा?"

"झाली का आठवण आमची!" म्हणत तो आला, आणि तिने खुर्ची सरकवली.

या लोकांचं काम कुलपात नसतं. त्याने तिच्या गटाचा कोड सरळ उघडून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हीच चूक आम्हीही केली होती."

मला वाटलं, एकच गट असता तर हाक कुणाला मारली असती? दोन आहेत, हे केवढे उपकार!

ती ओळ बदलताच लॅपटॉप बोलू लागला.

"चूक तुमची, दुरुस्ती आमची," नितीन म्हणाला.

"ती आम्ही तपासून घेणार," अश्विनी म्हणाली.

"अरे, गप्प बसा दोघं," सर म्हणाले, "मला ऐकू द्या."

आणि दोघंही ऐकत बसले.