मढच्या बंगल्यात माझ्याआधी आलेली मी

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. हेडक्लार्कची जागा घेणार की नाही, ते सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. माझं "नाही" ठरलेलंच. चौघांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसायची, मी कसले हुकूम सोडते! ऑफिसातली शालन म्हणाली, "रविवारी मढला चल गं. समुद्र बघ, मग काय ते रड."

अंधेरीहून वर्सोव्याची बस, पुढे खाडी ओलांडायला तरीची होडी, आठ आण्यांत. जाणार असाल तर ओहोटी टाळा, आम्ही गुडघाभर चिखलातून चढलो. पलीकडे एका कोळणीनं ताजे बोंबील तळून दिले. झकास!

मग शूटिंगला भाड्यानं देतात तो बंगला बघायला गेलो. फाटकाशी पास्कल नावाचा म्हातारा रखवालदार. मला बघताच त्यानं बिडी टाकली. "बाय, तुमी परत आलात?"

मी मढला पहिल्यांदाच येत होते.

"शिमग्याला आलेलात ना? विहीर उघडी म्हणून केवढ्यानं ओरडलात. ‘माणसं काय झाडाला लागतात?’ बघा, फळी टाकली."

शालन हसून लोळायची बाकी होती. "ही ओरडली? अहो, कंडक्टरकडे सुट्टे मागायलासुद्धा ही मला पुढे करते!"

मला हसू येईना. ते वाक्य माझंच होतं. मनातल्या मनात शंभरदा म्हटलेलं, मोठ्यानं एकदाही नाही.

भर दुपारी आत गारठा होता. शूटिंगचे दिवे लावणारी माणसं शिडीवरून माझ्याकडे बघत राहिली. पास्कल म्हणाला, "सांगा ना बाय, आता काय बघू?"

"अहो, मी ती नाही," म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "मागच्या गॅलरीचा कठडा सैल झालाय. कोणी टेकायचं नाही. आधी बघून या."

मागे गॅलरी आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

पास्कल गेला. लाकूड मोडल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा कठड्याचा तुकडा त्याच्या हातात होता. एक दिवेवाला मटकन खाली बसला. त्याच कठड्यावर ओणवून तो दिवा बांधणार होता. "वाट लागली असती," एवढंच म्हणाला. शालननं माझा दंड धरला, "चल इथून."

मुलुंडला घरी पोचले, दार वाजवलं. "आई, मी आले." आईनं साखळी न काढता फटीतून विचारलं, "कोण हवंय?" मग मला बघून म्हणाली, "अगो, आवाज असो कसो झालो तुझो?"

सोमवारी साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी "घेते" म्हटलं. पुढे खूप माणसं सांभाळली, नावही मिळवलं. स्वतःकडे बघायची नजर बदलली की माणूस वाढतं म्हणतात, ते खरंच आहे. पण ती भित्री मुलगी मला पुन्हा कधी भेटली नाही. परतीच्या तरीत ती माझ्याबरोबर होती, असं काही आठवत नाही. तिला आणायला मी कधी गेलेही नाही. भीती वाटते, ती अजून त्या फाटकाशीच उभी असेल, आणि मला हाक मारायला तिचं तोंडच उघडत नसेल.