एक गाल, नमुन्यापुरता

माघातला रविवार, सकाळचा चहा झालेला. हजर: नाना (सासरे), आई (सासूबाई), संजय (नवरा), मनोज (दीर, आजचा उमेदवार) आणि मी. गैरहजर: नानांचं नेहमीचं ब्लेड.

बाकी तयारी चोख होती. नारळ खवणे, पंखा पुसणे, शेजारच्यांना त्यांची गाडी फाटकासमोरून हलवायला सांगणे. माझ्या यादीवर एकेक खूण पडत होती. मुलीकडची मंडळी आदल्या दिवशीच नाशिकहून येऊन भिलाडला मुलीच्या मावशीकडे उतरली होती आणि बारापर्यंत आमच्याकडे सिल्वासाला यायची होती. राहिली होती ती फक्त मनोजची दाढी.

आमच्या घरात एक रीत आहे. मुलगी बघायच्या दिवशी मुलाने आजोबांच्या पितळी रेझरने गुळगुळीत दाढी करायची. हा रेझर म्हणजे चांगला हातात जाणवणारा ऐवज. त्याचं डोकं उघडून आत दोन्हीकडून धार असलेलं ब्लेड बसवायचं. नानांनी याच रेझरने दाढी करून आईंना पाहिलं, संजयने मला. (त्या दिवशी संजयच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब सुकला होता. मी तो तीळ समजले आणि घरी जाऊन तिळाचं कौतुक केलं. पुढच्या भेटीत तीळ नव्हता, पण तोवर हॉल ठरला होता!)

मनोज गलोंड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. गेली काही वर्षं त्याने भरघोस दाढी राखली होती आणि ऋचाला, म्हणजे आजच्या मुलीला, पाठवलेल्या फोटोतही ती होती. ती राहू द्यावी असं त्याने नानांना दोनदा म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, "आलेल्या माणसांना चेहरा दाखवायचा, झुडूप नाही." मनोजने वाद घातला नाही. याआधी प्रत्येक स्थळाला तो "बघू" एवढंच म्हणायचा. ऋचा येणार म्हटल्यावर मात्र त्याने स्वतः शर्टाला इस्त्री केली होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणीही चेष्टा केली नाही, इतकं प्रकरण गंभीर होतं.

तर ब्लेड. शनिवारी बाजारात गेले, तर मगनभाई दुकानदार म्हणाले, "ए तो बंद थई गयुं, बेन." नानांचं पिवळ्या कागदातलं ब्लेड यायचंच थांबलं होतं. त्यांनी दुसरे चार प्रकार समोर मांडले: हिरव्या कागदातलं, निळ्या, लाल, आणि सोनेरी कागदातलं परदेशी. यातलं चांगलं कुठलं विचारलं, तर म्हणे, "बधां सारां छे." आता मी सायलीच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. सगळंच चांगलं म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून मी आजवर खिळासुद्धा घेतलेला नाही. चारही प्रकार घेऊन आले.

घरी नानांनी लगेच सोनेरी उचललं. परदेशी म्हणजे उत्तमच, असा त्यांचा हिशेब. कारखान्यात आम्ही असं चालू देत नाही. तिथे चिकटपट्टीचा रोल घ्यायचा झाला तरी कंपनीचं नाव झाकून नमुने तपासतात. म्हणून रविवारी सकाळी मी चारही ब्लेडं कागदातून काढली आणि चार बशांत ठेवली. बशांवर क, ख, ग, घ अशी अक्षरं घातली आणि ज्याचा त्याचा कागद त्याच्या त्याच्या बशीखाली सरकवला. आता अक्षर कळेल, नाव कळणार नाही. माझं मलाच कौतुक वाटलं. (मी जन्मात कधी दाढी केलेली नाही, हे त्या वेळी कुणी निदर्शनाला आणून दिलं नाही.)

पहिला नमुना संजय. मी त्याच्या फेसाळलेल्या चेहऱ्याचे चार भाग पाडले: उजवा गाल क, डावा ख, हनुवटी ग, गळा घ. संजयला प्लास्टिकच्या रेझरने खसाखसा ओढायची सवय. पितळी रेझर हलकेच फिरवायचा असतो, तो स्वतःच्या वजनाने चालतो, असं नाना दारातून सांगत होते, पण तोवर हनुवटीला दोन आणि गळ्याला एक अशी नोंद झाली होती. मी ग आणि घ नापास केले.

"गाल आणि हनुवटी एकच माल आहे का?" संजय तुरटी चोळत म्हणाला. "हनुवटीला ख लावून बघितलंस का तू?"

मुद्दा बिनतोड होता. ब्लेडांच्या जागा बदलून चाचणी पुन्हा घ्यायला हवी होती. पण इथे मला एक अडचण कळली, जी चिकटपट्टीच्या बाबतीत कधी आली नव्हती. पुरुषाला दाढी दिवसाला एकदाच येते!

म्हणून दुसरा नमुना नाना. त्यांचा हात सराईत आणि दाढी कापसासारखी. चारही ब्लेडं त्यांच्या गालांवरून लोण्यातून जावीत तशी गेली आणि मला काहीच निकाल मिळाला नाही. मी त्यांना जरा नेहमीपेक्षा दाबून फिरवायला सांगितलं. सासऱ्यांनी सुनेचं ऐकलं. त्यांच्याही हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवावा लागला.

आता घरात एकच दाढी शिल्लक होती. मनोज इतका वेळ टॉवेल गळ्यात घालून उभा होता. तो म्हणाला, कुठलंही द्या, मी उरकतो. मी म्हटलं, असं कसं, आजच्या दिवशी? आपण ख ने सुरुवात करू. फक्त एक गाल, नमुन्यापुरता. जमलं तर पुढे.

"वहिनी, तुम्ही म्हणता ना? मग झालं," असं म्हणून त्याने गाल पुढे केला. ते वाक्य मला आजही टोचतं.

एवढी वाढलेली दाढी आधी कात्रीने उतरवायची असते. हे संजयला माहीत होतं, नानांना माहीत होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की माझ्या यादीत ते असणारच. रेझर कानशिलाजवळच अडकला. मग कात्री आली, पुन्हा फेस झाला, आणि बऱ्याच खटपटीनंतर मनोजचा उजवा गाल उघडा पडला. आम्ही सगळे जरा मागे सरकलो. कपाळ आणि नाक गलोंड्याच्या उन्हात भाजलेलं, आणि गाल पांढराफटक! सरकारी क्वार्टरची भिंत कशी खाली एका रंगाची आणि वर दुसऱ्या रंगाची असते, थेट तसा.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचे वडील होते. रविवारचा रस्ता मोकळा मिळाला म्हणून लवकर निघालो, अथालला पोचलो, दहा मिनिटांत येतो.

अशा वेळी मी घाबरत नाही, कामाला लागते. मनोजला डाव्या गालाची कात्री सुरू करायला सांगितलं. स्वयंपाकघरातून आईंनी बशा मागितल्या, कारण पाहुण्यांसाठी काढलेल्या चांगल्या बशा म्हणजे नेमक्या त्याच चार. मी झटपट ब्लेडं एका वाटीत ओतली, खालचे कागद केरात टाकले, अक्षरं घासून काढली, बशा पुसून आईंच्या हातात दिल्या आणि यादीवर खूण केली.

"वहिनी, ख द्या," न्हाणीघरातून मनोज म्हणाला.

मी वाटीत पाहिलं. चार ब्लेडं, चारही सारखी.

"द्या ना वहिनी."

मी त्यातलं एक दिलं.

ते ख नव्हतं.

पाहुणे बसले. समोर नाना, संजय आणि मनोज एका ओळीत. तिघांच्याही हनुवट्यांवर वर्तमानपत्राचे कपटे, आणि मनोजचा चेहरा दोन रंगांत. पोह्यांच्या बशा फिरल्या, पण कुणी चमचा उचलेना. मुलीची आई या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिने आईंना हळूच विचारलं, "काल घरात काही वादावादी झाली का हो?"

आई माझ्याकडे बघू लागल्या. नानांनी घसा साफ केला. एवढं स्थळ हातचं जाणार, आणि तेही माझ्या टापटिपीपायी, हे मला तिथे उभ्याउभ्या दिसत होतं. शेवटी मनोजच बोलला. जे झालं ते त्याने सरळ सांगितलं: रीत, चार बशा, दादाचे चार भाग, नानांची हनुवटी. माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून शेवटी म्हणाला, "वहिनींची पद्धत बरोबर होती. माणसं कमी पडली."

ऋचा इतका वेळ मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. तिने तोंडावरचा रुमाल काढला आणि थेट मला विचारलं, "मग पास कुठलं झालं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण ज्या बशांवर मी अक्षरं घातली होती, त्यांतलीच एक तिच्या हातात होती. मी म्हटलं, "ते आता सांगता येणार नाही. तुमच्या पोह्यांखाली असेल." मग तिच्या वडिलांनाही हसू आवरेना.

दोन दिवसांनी होकार आला, दोन अटींसकट. एक, लग्नापर्यंत दाढी परत यायला हवी, कारण ऋचा फोटोतल्या मुलाला बघायला आली होती. दोन, ताईंनी, म्हणजे मी, हॉल, जेवण, आहेर सगळं बघावं, चेहरे सोडून. नाना मात्र रीत मोडायला तयार नाहीत. लग्नाच्या सकाळी पितळी रेझर निदान गळ्यावरून तरी फिरलाच पाहिजे म्हणतात. ऋचा म्हणाली, गळ्यापुरतं चालेल.

म्हणजे ब्लेड ठरवणं आलंच. मी मगनभाईंकडून पुन्हा चारही प्रकार आणले आहेत. या वेळी कागद काढलेले नाहीत आणि बशाही घेतलेल्या नाहीत. पण तपासायला गाल मिळत नाही. मनोजची दाढी अटीप्रमाणे वाढते आहे. संजयनेही त्या रविवारपासून दाढी सोडली आहे, धाकट्याला सोबत म्हणून. आयुष्यभर रोज दाढी करणाऱ्या नानांच्या गालांवर पांढरे खुंट उगवलेत. विचारलं, तर म्हणतात, सर्दी आहे.

लग्नाच्या यादीत सगळ्यावर खुणा झाल्या. "ब्लेड ठरवणे" एवढी एकच ओळ बाकी आहे. आणि कालपासून मी समोर आले की आईसुद्धा पदराने हनुवटी झाकून घेतात.