चार बोटं, पाच बोटं

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. वडील कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्या माळ्यावर पापडाचा डबा आणि पत्रकांचे गठ्ठे शेजारी-शेजारी असायचे. ‘आरोप करायचा तर आधी पुरावा दे,’ हे मला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं. त्यामुळे नव्वद सालच्या आसपास भाईंदरच्या आमच्या सोसायटीने मागच्या बागेत उंदरांचं औषध टाकायचं ठरवलं, तेव्हा मी पेटले ती भूतदयेने नव्हे. आरोपी कोण आहे हेच कुणी पाहिलं नव्हतं!

बाग म्हणजे इमारत आणि मिठागराचा बांध यांच्यामधली भरावाची पट्टी. त्यात अळू, केळी, कढीपत्ता आणि कुणीतरी आणून टाकलेली मोगऱ्याची कुंडी. संध्याकाळी अळवाखालून चुक् चुक् आवाज यायचा आणि भिंतीच्या कडेने काहीतरी राखाडी सरपटत जायचं. त्याच सुमारास मीटररूमच्या दाराची फळी कुरतडलेली सापडली. झालं, खटला संपला.

मी मात्र ती राखाडी बाई नीट पाहिली होती. लांब, हलतं नाक, बारीक डोळे आणि अंगाचा तो उग्र वास. चिचुंद्री. तिच्यामागे तिची पिल्लं, एकाने दुसऱ्याची पाठ तोंडात धरलेली, बालवाडीतली मुलं एकमेकांचा सदरा धरून निघतात तशी. ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी औषध पडलं असतं तर ही अख्खी रांग गेली असती.

मी सेक्रेटरीकाकांकडे गेले. ते दाढी करत होते.

“काका, ती चिचुंद्री आहे. उंदीर नाही.”

“चिचुंद्री म्हणजे वास मारणारा उंदीर,” ते आरशातूनच म्हणाले. “नाक लांब आहे म्हणून काय तिची आरती करू?”

“ती झुरळं खाते, किडे खाते. लाकूड कुरतडायचे दातच नाहीत तिला.”

“तू दात बघून आलीस? कमाल आहे. जा, अभ्यास कर.”

तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेननी जिन्यात मला थांबवलं. “बेटा, मैं तो पहले से बोलती, जीव है, मारना नहीं.” कमिटीच्या मतदानात त्या एकट्याच विरोधात होत्या. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, दया नकोय मला. दया केली म्हणजे गुन्हा तिचाच ठरला.

घरात विज्ञान चळवळीची एक पातळ पुस्तिका होती, पायांच्या ठशांची. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच. चिचुंद्रीच्या चारही पायांना पाच-पाच. जमिनीवर राख चाळून ठसे घ्यायचे, असं लिहिलं होतं. राख कुठून आणू? इमारतीत सगळ्यांकडे गॅस. मग मी आईचा रांगोळीचा डबा उचलला.

शनिवारी दिवेलागणीला पिठाच्या चाळणीतून अळवाच्या कडेला एक पांढरा चौकोन चाळला आणि मीटररूमच्या दाराशी दुसरा. पहिल्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन चालल्या होत्या. त्या थबकल्या.

“अगं, ही कसली रांगोळी? ठिपके तरी काढ.”

“ठिपके तीच काढणार आहे, काकू.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता हिचं लग्न काही जमत नाही.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. वडिलांनी चष्मा चढवून वाचलं. “उद्गारचिन्हं निम्मी कर. आणि मागण्या सहा? पत्रक आहे की किराण्याची यादी? एक ठेव.” मग एकच उरली: ‘मारण्याआधी ओळखा.’ कार्बन लावून प्रती काढल्या आणि प्रत्येक दाराखाली सरकवल्या.

रविवारी सकाळी काका औषध घातलेले कणकेचे गोळे ताटलीत घेऊन खाली उतरले. अर्धी सोसायटी तमाशा बघायला आली होती. मी अळवाकडच्या चौकोनासमोर उभी राहिले.

“काका, आधी मोजा.”

“बाजूला हो गं.”

“मोजा. मी चुकले तर गोळे मी स्वतः टाकीन.”

कुणीतरी मागून ओरडलं, “गिन लो ना साहब, क्या जाता है!” काका वैतागून वाकले. पांढऱ्यावर नाजूक ठसे उमटले होते, मधे शेपटीची रेघ. त्यांनी ताटली माझ्या वडिलांच्या हातात दिली, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. “पुढचा पाय... पाच. मागचा... पाच.”

“आता मीटररूमला चला.”

तिथले ठसे मोठे, दांडगे. त्यांची बोटं मोजताना काकांचे ओठ हलत होते.

“पुढचा... चार.” त्यांनी पुन्हा मोजलं. “चारच.” मग ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे चोर मीटररूममध्ये, आणि आपण बागेतला पोलीस मारायला निघालो होतो?”

एका पानाच्या पत्रकाने आणि मूठभर रांगोळीने अख्ख्या कमिटीचा ठराव फिरवला होता! गोळे कागदात बांधून परत गेले. दुपारी काका बाजारातून पिंजरा घेऊन आले, तो मीटररूममध्ये लागला.

बेन म्हणाल्या, “देखा? मैंने कहा था.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात वडिलांनी माझा दंड दाबला. “जिंकल्यावर मित्रपक्षाशी भांडायचं नसतं.”

त्या संध्याकाळी मी बागेत गेले तर काका आधीच तिथे होते, बनियनवर, भिंतीला टेकून. अळवाखालून ती निघाली, मागे तिची रांग. तेवढ्यात दुसऱ्या विंगमधले एक गृहस्थ आले आणि मोठ्याने म्हणाले, “अरे, ही उंदरं अजून आहेतच का?”

काका गर्रकन वळले. “उंदरं? चिचुंद्री आहे ती! बोटं मोजा आधी!”