करडी शिरोरेषा

येरवड्यात आमची पत्र्याची एक खोली होती. बाबा मार्केटयार्डात पोती उचलायचे आणि आई चार घरची धुणीभांडी करायची. महिनाअखेरीला आमटी इतकी पातळ व्हायची, की वाटीचा तळ दिसायचा. तरी माझं शिक्षण थांबवायचा विषय घरात कधी निघाला नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी अजूनही सांगते, कुणी विचारो न विचारो.

पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, तेव्हाची गोष्ट. वाचनालयांसाठी मराठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला नोकरी लागली. पहिला पगार हातात पडताच मी बाबांना हमाली सोडायला लावली, कारण त्यांची पाठ पार गेली होती. पण मी अजून प्रोबेशनवर होते. "तुझं कायम झालं नाही तर मी आहेच," असं ते म्हणायचे.

माझ्याकडे काम होतं पडद्यावरच्या अक्षरांचं. पडदा म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. त्यामुळे अक्षरांची वळणं जिन्यासारखी दिसतात. कडेच्या ठिपक्यांना करडा रंग दिला, की तेच वळण डोळ्याला गुळगुळीत वाटतं. मी तसं केलं. ऑफिसातल्या नव्या मॉनिटरवर अक्षरं अशी देखणी दिसायला लागली, की सगळे खूश! पण आम्ही तपासलं काय, तर मोठ्ठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव. तेच कौतुकानं बघत बसलो.

मग कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, आणि मी पेठेतल्या एका वाचनालयात सॉफ्टवेअर दाखवायला गेलो. तिथला मॉनिटर जुनापुराणा. पुस्तकांची यादी उघडली. ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"अहो, आपण पुस्तकांची यादी दाखवणार होतात ना? मला तर नुसती राख दिसतेय."

"मॅडम, नवं तंत्र आहे. अक्षरं मऊ दिसतात," सर म्हणाले.

"मऊ मला भात चालतो. सोमवारी या. तेव्हाही असंच असेल, तर येण्याचे कष्ट घेऊ नका."

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "सोमवारी जमलं तर तुमचं कायम. नाहीतर बघू." हे 'बघू' म्हणजे काय, ते पुण्यात सगळ्यांना कळतं.

ऑफिसच्या माळ्यावर एक जुना मॉनिटर पडला होता, तो मी खाली काढला. त्यावर बारीक अक्षरं पाहिली आणि घोटाळा सापडला. शिरोरेषा ठिपक्यांच्या दोन ओळींच्या मधोमध पडत होती. मग दोन्ही ओळी अर्ध्यामुर्ध्या करड्या, आणि काळी एकही नाही. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर रेघच नसते. त्यांच्यासाठीचा नियम मी जसाच्या तसा मराठीला लावला होता. आता मी बारीक आकारातलं एकेक अक्षर घेऊन शिरोरेषा एकाच ओळीवर बसवली, पूर्ण काळी. करडा रंग ठेवला फक्त वळणांना.

घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "रेघा तर तू बालवाडीतही ओढायचीस. त्यासाठी एवढं कॉलेज कशाला?"

सोमवारी ग्रंथपालबाई यादी बघत राहिल्या. मागून एक सभासद आजोबा टेबलापाशी आले नि लांबूनच म्हणाले, "अरेच्चा, ते चौथं पुस्तक माझ्याकडेच राहिलंय की!"

"तिथून वाचता आलं ना? मग उद्या आणून द्या," बाई त्यांना म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "ठेवा हे इथे."

त्याच आठवड्यात माझी नोकरी कायम झाली. बाबांनी पुन्हा कधी पोतं उचललं नाही, आणि त्या वाचनालयातली पुस्तकांची यादी लोक जुन्या मॉनिटरवर मराठीत वाचू लागले.