पदर आणि स्टेअरिंग

आमच्या घरासमोरच्या बाजार मैदानात हल्ली सकाळी बायका टेम्पो चालवायला शिकतात. तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्राने हा वर्ग सुरू केल्यापासून माझा चहा गॅलरीतच होतो.

परवा शेजारच्या वाडीतली सुनंदा टेम्पो चालवत होती. छान वळण घेत असतानाच समोरून तिचे सासरे भाजीची पिशवी घेऊन आले. तिने स्टेअरिंगवरचे हात झटकन सोडले आणि डोक्यावर पदर ओढला. टेम्पो गचका खाऊन बंद पडला.

"अगं, हात कशाला सोडलेस?" शिकवणाऱ्या बाई ओरडल्या.

"मामंजी आले ना!"

मला हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला. कुणाचा, ते सांगता येईना. आपण वर्ग काढतो, दार उघडतो आणि झालं म्हणतो. पण दारातून माणूस आत येतो तो आपले हात घेऊनच, आणि हातांना आधीचं शिक्षण पक्कं असतं.

सासरे जागीच थबकले. आता हे चिडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चालव पोरी. मी काही बघत नाही."

टेम्पो सुरू झाला. पुढच्या वळणावर वाऱ्याने पदर खांद्यावर आला. तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवरच राहिले.

आज सकाळी सासरे पुन्हा आले. हातात पिशवी नव्हती. भिंतीकडे तोंड करून ते टेम्पोचा आवाज ऐकत उभे राहिले.