नलिनीच्या माळ्यावरच्या जर्सी

माझी नात रेवा मला स्वतःहून कधी फोन करत नाही. तिची आई फोन लावते, तिच्या हातात देते, ती "हाय आजी, मी बरी आहे, तू?" एवढं म्हणते आणि फोन परत देते. जन्म नेदरलँड्सचा, वाढली फेल्डहोवनला. मराठी सगळं कळतं, पण एवढ्याच्या पुढे गेलं की उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. तर फेब्रुवारीत एका दुपारी मी हडपसरला घरी मटार सोलत बसले होते, आणि फोनवर रेवाचं नाव आलं. मला वाटलं चुकून लागला. उचलला तर पोरगी रडत होती. "आजी, नलूआजी गेली," म्हणाली. मी विचारलं, "कधी?" तर "काल" म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. मी कानाला फोन लावून बसून राहिले. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मी गेल्यावर ही एवढी रडेल का... नलिनी गेल्याचं वाईट वाटलं ते त्याच्या मागून.

नलिनीबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. तिकडच्या मराठी मंडळात तिच्यासाठी सभा झाली, गोऱ्या बायकासुद्धा येऊन बोलल्या. मी तिला तीन-चार वर्षं ओळखत होते आणि त्यातली बरीचशी मी तिच्यावर जळत होते. ती गेली म्हणून ते थांबलं असं नाही. तेव्हा मी जे लिहिणार ते तसंच असणार.

माझा मुलगा महेश तिकडे चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर आहे. मी वर्षातून दोनदा जाते, तीन तीन महिने. व्हिसा तेवढाच मिळतो. नलिनी मूळची नाशिकची, बी.ए. झालेली, नवऱ्याबरोबर तरुणपणीच तिकडे गेली आणि तिथलीच झाली. तिला व्हिसा लागायचा नाही. तिला डच यायचं. सत्तरी उलटली तरी पंजाबी ड्रेसवर कोट चढवून ती सायकलवरून गावभर फिरायची. मी चौथी शिकलेली, मंडईत भाजीचा गाळा चालवून पोरगा शिकवला, मला सायकल येत नाही. मी कुणाच्या तरी गाडीत मागे बसून जायची आणि ही सिग्नलला आमच्या शेजारी येऊन काचेवर टकटक करायची. "सुमन, चल, शर्यत लावू!" महेश हसायचा. मी नाही हसायची.

आमची ओळख झाली मैदानावर. रेवाच्या शाळेत फुटबॉलचा वेगळा वर्ग आहे. त्यात निवडून घेतात. बाकीची पोरं अंथरुणात असतात तेव्हा या पोरी चिखलात पळत असतात आणि मग ओल्या केसांनी गणिताच्या तासाला बसतात. त्या शाळेच्या मुलींच्या टीमला आसपास कुणी हरवू शकत नाही. जिंकलेले कप ठेवायचं कपाट कधीच भरलंय, आता ते जिन्याच्या कोपऱ्यात ठेवतात आणि पोरी त्यांच्यावर दप्तरं टेकवतात. मला खेळ कळत नव्हता, पण हुशार माणूस कुठल्याही धंद्यात ओळखू येतो. गोलात उभी राहणारी लोटे नावाची पोरगी चेंडू यायच्या आधीच तिथे जाऊन उभी असायची. मधे खेळणारी फेम्के एवढीशी, पण तिच्या पायातून चेंडू काढणं म्हणजे कुत्र्याच्या तोंडातून भाकरी काढणं. आणि सगळ्यांत पुढे तन्वी. नलिनीची नात, तिच्याच घरात राहणारी. सावळी, काटकुळी, डाव्या पायाची. तिच्याकडे चेंडू गेला की मैदानाबाहेर कॉफी पिणारी माणसं पेला तोंडापासून खाली घ्यायची. गावच्या पेपरात तिचा फोटो यायचा. समोरच्या टीमच्या पोरी मॅच संपल्यावर रडायच्या आणि रडता रडता तिच्याबरोबर फोटो काढायच्या.

आणि माझी रेवा बाकावर. निवडली गेली होती, सरावाला रोज जायची, पण मॅचमध्ये बाकावर. शेवटची दहा मिनिटं, सहा-सात गोलांनी पुढे असले, की मग तिला आत सोडायचे. तेव्हा बघायला आलेले लोक गाड्यांच्या किल्ल्या शोधत असायचे.

पहिल्या दिवशी नलिनीच माझ्याजवळ आली. "तुमची कुठली?" म्हणाली. मी बाकाकडे बोट केलं. तिनं "अरे वा, रेवाच्या आजी का!" म्हटलं, जसं काही मी राणीची आई आहे. मला ते टोचलं. स्वतःची नात गोल मारत असताना दुसऱ्याच्या बसलेल्या नातीचं कौतुक करायला काय लागतं? ती मैदानाच्या कडेला उभी राहून मराठीत ओरडायची. "पळ पळ पळ! अगं दे ना तिला! मार!" पहिल्यांदा लोक बघायचे, मग त्या गोऱ्या पोरीच आपसात "पळ पळ!" ओरडायला लागल्या. सगळी टीम तिला ओमा नलू म्हणायची. ओमा म्हणजे तिकडची आजी. मी एकदा ओरडून बघितलं तर रेवानं मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

तिकडे एक पद्धत आहे. मॅच झाली की सगळ्या पोरींच्या जर्सी एका मोठ्या बॅगेत भरतात आणि ती बॅग दर आठवड्याला एकेका घरी धुवायला जाते. कुणाची सुटका नाही, डॉक्टरीणबाई असो की आणखी कुणी. रेवाची पाळी आली तेव्हा मी तिथे होते. सुनेला म्हटलं, तू बाजूला हो. मशीनमध्ये धुऊन निघालेल्या त्या पांढऱ्या जर्सी मला पिवळट वाटल्या. मी पुण्याहून निळीची बाटली नेलेली असते. न्हाणीत बादली घेतली आणि आपल्याकडे पांढरे कपडे काढतात तशा एकेक जर्सी निळीतून काढल्या. आता ते कापड सुती नाही, प्लास्टिकसारखं काहीतरी, हे मला कोण सांगणार? वाळल्यावर बघितलं तर प्रत्येक जर्सीवर निळे ढग. सून कपाळाला हात लावून बसली. दुसऱ्या दिवशी मोठी मॅच होती. बॅग उघडली तेव्हा पोरी गप्प झाल्या, रेवाचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात नलिनी पुढे झाली, एक जर्सी अंगाला लावून डचमध्ये काहीतरी बोलली आणि सगळ्या पोरी हसत सुटल्या. मी विचारलं, "काय सांगितलंस?" तर म्हणाली, "सांगितलं की आमच्याकडे युद्धावर जाताना असा रंग लावतात." मी म्हटलं, "कोण लावतं? कुठल्या गावात?" ती म्हणाली, "त्यांना कुठे माहीत आहे? तू गप्प बस."

त्या दिवशी त्या पोरी जिंकल्या. त्या नेहमीच जिंकायच्या, पण त्या दिवशी त्यांना वाटलं रंगानं जिंकलो. मग मोठ्या मॅचच्या आधी त्यांना जर्सीवर तो निळा रंग हवाच असायचा. त्याचं नावच पडलं, ओमा नलूचं निळं. बाटली माझी, पुण्याहून मी वाहून नेलेली, न्हाणीत कंबर मोडून मी केलेलं, आणि नाव तिचं. आणि मला वाचवायला म्हणून ती पुढे झाली होती, त्यामुळे भांडायचीसुद्धा सोय नाही. त्यानंतर हळूहळू बॅग दर आठवड्याला तिच्याकडेच जायला लागली. "मला काय काम आहे? द्या इकडे," म्हणायची, सायकलच्या मागे बांधायची आणि निघायची. बाकीच्या आयांनी तिला फुलं दिली.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. मागच्या वर्षीपासून नलिनी मैदानाच्या कडेला उभी राहीनाशी झाली. ती बाकाच्या मागे उभी राहायची, रेवाजवळ. समोर स्वतःची नात एकामागून एक गोल करत असायची आणि ही वाकून रेवाशी बोलत असायची, दोघी हसत असायच्या. मी समोरच्या बाजूनं बघायची. माझ्याशी ती पोरगी दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही. नलिनीकडे सगळं होतं, तो देश, ती भाषा, पेपरात येणारी नात. माझ्याकडे वर्षातून सहा महिन्यांपुरती एक रेवा होती. तीही तिनं घ्यावी?

डिसेंबरमध्ये रेवा एकदा घरी येऊन जेवली नाही. सूनबाई म्हणाली, फार बसवतात तिला. मी रेवाला म्हटलं, "सोडून दे टीम. बसायलाच जायचं तर घरी सोफा आहे." मी काही वाईट म्हटलं नाही, मला आजही ते बरोबर वाटतं. पण पोरीनं ते जाऊन नलिनीला सांगितलं. पुढच्या मॅचला कडाक्याची थंडी होती आणि नलिनी सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिला सोड म्हणून कशाला सांगितलंस?"

"माझी नात आहे. मी काहीही सांगीन."

"ती गोल करत नाही म्हणून तुला लाज वाटते, सुमन."

"तुला काय जातंय बोलायला! तुझी रोज पेपरात."

"मग बदल नाती. घे तन्वी. पहाटे उठवून दाखव तिला, आणि एखादा गोल हुकला की दोन दिवस तिचं तोंड सांभाळ. आहे तयारी?"

"मला माझी बास आहे. तू तिच्यापासून लांब राहा म्हणजे झालं. तुझी आत खेळतेय, तिकडे बघ."

नलिनीनं एकदा मैदानाकडे बघितलं. मग म्हणाली, "तन्वीकडे बघायला सगळं गाव आहे. मी लांब नाही राहणार." आणि गेली पुन्हा बाकामागे. चार दिवसांनी माझं विमान होतं. ती भेटायला आली नाही, मीही गेले नाही. नंतर फोनही झाला नाही. त्यातच ती गेली... दुपारी चहा टाकता टाकता हृदय बंद पडलं.

एप्रिलमध्ये मी पुन्हा फेल्डहोवनला आले. रेवा उंच झाली होती आणि गप्प झाली होती. सून मला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "आई, ती सरावाला जात नाहीये. टीम सोडते म्हणते. आता तुम्ही काही बोलू नका." म्हणजे मी डिसेंबरात सांगितलं होतं तेच पोरगी आता करत होती, आणि तेही माझ्या सांगण्यावरून नाही.

मग एक दिवस तन्वीच्या आईचा फोन आला. नलिनी गेली तेव्हा टीमच्या जर्सी तिच्याकडेच धुवायला होत्या. पोरी इतके दिवस जुन्या जर्सी घालून खेळत होत्या, कारण ते माळ्यावर वाळत असलेलं खाली आणायचा त्या घरात कुणाला धीर होत नव्हता. तन्वी तर जिन्याकडे बघतही नव्हती. "कुणीतरी घेऊन जाल का?" रेवा म्हणाली, "मी जाते." मी चप्पल घातली. तिनं मला ये म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही.

तिकडच्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. मी कठड्याला धरून धापा टाकत चढले. रेवा अंधारातच वर गेली आणि बरोबर हात घालून तिनं दिवा लावला. वर उतरत्या छपराखाली धुण्याचं मशीन, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर सगळी टीम पाठमोरी उभी असावी तशा जर्सी. मी विचारलं, "तुला इथलं सगळं कसं माहीत?" रेवा म्हणाली, "दर शनिवारी येत होते. मॅच झाली की. ती धुवायची, मी वाळत घालायचे." मराठीत म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढं मोठं बोलणं तिनं माझ्याशी कधी मराठीत केलं नव्हतं. आणि बोलण्याची ढब नाशिकच्या बी.ए. झालेल्या बाईची, शब्द सुटा सुटा. सून समजायची पोरगी शनिवारी तन्वीकडे गप्पा मारते. तन्वी या माळ्यावर कधी चढलीच नव्हती.

"काय बोलायचा तुम्ही दोघी?" मी विचारलं.

"काहीही. तुझ्याबद्दल पण."

"माझ्याबद्दल काय?"

"की तू फार भांडतेस." मग म्हणाली, "आणि ती म्हणायची, सुमन आली की मला बरं वाटतं, इथे माझ्याशी सगळे चांगलंच वागतात."

मी एक जर्सी ओढली, चिमटा उडाला. वाळून वाळून कापड कडक झालं होतं. मी ती झटकली आणि घडी घालायला लागले. "टीम सोडणार आहेस ना?" मी विचारलं.

रेवा चिमटे गोळा करत होती. "सोडणार होते," म्हणाली. "पण मग या कोण धुणार? तन्वी?"

मला हसू आलं. तन्वीला गोल करता येतात, तिला मोजे सापडत नाहीत. "बाकावरच बसवतील तुला," मी म्हटलं.

"हो. माहितेय."

"मग मी कुठे उभी राहू?"

तिनं माझ्याकडे बघितलं. नलिनीची जागा ती मला लगेच देणार नव्हती, ते मला दिसलं. मी तिच्या जागी असते तर मीही दिली नसती. "तू समोरच राहा," म्हणाली. मग म्हणाली, "पण ओरडलीस तरी चालेल."

मी घडी घातलेली जर्सी बॅगेत ठेवली. तिनं ती बाहेर काढली, उलगडली आणि पुन्हा माझ्या हातात दिली. "अशी नाही, आजी. आधी बाह्या आत. आणि नंबर वर यायला पाहिजे, म्हणजे प्रत्येकीला आपली लगेच सापडते. नलूआजी अशी घालायची." मी आयुष्यभर कपड्यांच्या घड्या घातल्या आहेत. मला या वयात कुणी घडी शिकवावी? पण मी बाह्या आत घेतल्या, नंबर वर आणला आणि तिच्यापुढे धरली. तिनं मान हलवली. मग आम्ही दोघींनी सगळ्यांच्या घड्या तशाच घातल्या, नलिनीच्या पद्धतीनं, एकीवर एक.

माझी घडी जास्त बारीक होते. त्या बॅगेत आणखी चार जर्सी मावल्या असत्या.